मोटर बदलण्याआधी केस ड्रेनचा फिल्टर बघा

पोकलेन चालताना एका बाजूला ओढतेय म्हणून थेट ट्रॅव्हल मोटर (ट्रॅक फिरवणारी हायड्रॉलिक मोटर) बदलायचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. आधी केस ड्रेनचा फिल्टर काढून बघा (सगळ्याच मशीनना तो नसतो). केस ड्रेन म्हणजे मोटरच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी बारीक लाइन. फिल्टर तुंबला की आतला दाब वाढतो, शाफ्टचं सील जातं आणि हायड्रॉलिक तेल फायनल ड्राइव्हच्या (मोटरला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या) गिअर ऑइलमध्ये शिरतं. तिथली लेव्हल न भरताच वाढलेली दिसली तर संशय सीलवरच घ्या. फिल्टरमध्ये पितळी चुरा निघाला, तर मात्र मोटर आतून घासतेय. मशीन तिथेच थांबवा. आणि नवी मोटर तिच्या केसमध्ये (बाहेरच्या कवचात) स्वच्छ हायड्रॉलिक तेल भरल्याशिवाय कृपया फिरवू नका.