मदत हवी आहे : मेंढीचा स्वभाव नेमका कधी आणि कसा बघायचा?

नमस्कार मंडळी,

कागल तालुक्यात आमची पस्तीसेक मेंढरं आहेत. बहुतेक दख्खनी जातीची, दोन-चार माडग्याळ जातीची. दिवसा माळावर, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात. यंदाच्या मादी कोकरांतली पाच-सहा घरच्या पैदाशीला ठेवायची आहेत. वजन, पाय, आईचं दूध हे सगळं बघता येतं. अडतंय ते स्वभावापाशी.

एक दुदाती, म्हणजे दोन पक्के दात आलेली तरुण, काळी मेंढी आहे. वाघरीत माणूस शिरला की ही आधी कोपऱ्यात धडकते आणि तिच्या मागं सगळा कळप. पण जंताचं औषध पाजायला धरली की एकदम गप्प, अंग सोडून उभी. दुसरी एक माडग्याळ कळपात असली की अंगाला अंग घासून जाते, हातातला मका खाते. तिला एकटी बाजूला काढा, मग बघा, बें बें करून वाघरीवर उड्या. आता यात बुजरी कोण म्हणायची?

शिवाय नर. विकत आणला तेव्हाच बाटलीवर वाढलेला, माणसाळलेला होता. आता पाठ फिरवली की ढुशी देतो. हा जातीचाच मारका की सवयीचा? त्याची पिल्लं ठेवावीत का?

प्रतिसाद १
भावा, एकटी काढल्यावर कुठली मेंढी ओरडत नाही? त्यावरून माडग्याळला नावं ठेवू नकोस. आणि काळी गप्प राहते म्हणजे गरीब आहे असंही समजू नकोस. भ्यालेलं जनावरसुद्धा धरल्यावर थिजतं.

आमच्यात खरी पारख व्यायल्यावर होते. कोकरू उचलायचं, नाळेला आयोडीन लावायचं, तेवढ्यात मेंढीकडं लक्ष ठेवायचं. दोन पावलांवर थांबून पाय आपटते, हुंगायला येते, ती ठेवायची. कोकरू टाकून कळपात जाऊन मिसळते आणि परत वळून बघत नाही, ती बाजाराला. पहिल्या वेताला मात्र थोडी सूट द्यावी.

नराचं म्हणशील तर कपाळाला हात लावणं आजपासून बंद. घरातल्या पोरांना पण सांग. बाटलीवरच्या नराला माणसाचं भय राहत नाही, मोठा झाला की तो माणसाला दुसरा मेंढा समजतो. मान खाली घालून मागं सरकायला लागला की धडक आलीच. त्याची पिल्लं आईखाली वाढू देत, मग बघ.

प्रतिसाद २
मी पशुवैद्यकीयचा विद्यार्थी. वरच्या काकांशी सहमत, एका गोष्टीत थोडा फरक. एकटं ठेवून बघणं अगदीच निरुपयोगी नाही, फक्त सगळ्यांना सारखंच ठेवावं लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात विद्यापीठाने 1990 पासून मेरिनो या लोकरीच्या मेंढ्यांचे शांत आणि बुजरे असे दोन वेगळे कळप निवडीने तयार केले. दूध तोडल्यानंतर कोकराला मिनिटभर बंद पेटीत एकटं ठेवून ते किती हलतं ते मोजतात. बुजऱ्या आईची कोकरं शांत मेंढीखाली वाढवून पाहिली, तरी ती बुजरीच निघाली. म्हणजे स्वभाव बराचसा रक्तातून येतो. दख्खनीत हे प्रमाण तेवढंच असेल असं धरून चालू नका, पण काळीच्या कोकराकडे या नजरेने बघा.

घरी करायचं तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून एक ते तीन गुण द्या. कातरणीला, औषधाला, व्यायल्यावर. माणूस तोच, कुत्रा बाहेर. जवळ जाताना बाजूने जा, थेट पाठीमागून नको. मेंढीला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त शेपटीमागचं दिसत नाही, तिथून आलात तर गरीब मेंढीही उसळते.

आणि एखादी अचानक बदलली, मान वाकडी करून एकाच अंगाला गोल फिरते, तर तो स्वभाव नव्हे. कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे मेंदूत पाण्याची गाठ होते, त्याचं ते लक्षण. डॉक्टरांना दाखवा.

मूळ प्रश्नकर्ता
काका, दादा, दोघांचे आभार. काळीचं पहिलंच वेत आहे, गाभण आहे, तेव्हा तिचा निकाल व्यायल्यावर. एकच विचारतो : कातरायला माणूस बाहेरून येतो, मग त्या दिवशीचे गुण धरायचे का?

प्रतिसाद १
धर की. सगळ्यांना तोच कातरणारा असला म्हणजे झालं. फक्त शेवटच्या पाच-सहा उन्हात ताटकळून वैतागलेल्या असतात, त्यांचं त्या दिवशी लिहू नकोस.