मातीविना शेतीवर घर चालतं का?

सुदामानगरकर: काल इथे एकाने लिहिलं, "हायड्रोपोनिक्सने (मातीऐवजी खत मिसळलेल्या पाण्यावर पीक घेतलं तर) ९० टक्के पाणी वाचतं, छोट्या शेतकऱ्याने माती सोडावी." दोन वर्षं हेच केलंय म्हणून सविस्तर लिहितो. मे महिन्यात इंदूरला पारा ४२ वर गेला की पाइपातलं पाणी कोमट होतं, मग मुळं तपकिरी बुळबुळीत, चिमटीत धरली की साल सुटून हातात येते. आठवड्यात अख्खं लेट्यूस गेलं. पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, लावा म्हणतात, त्याचं वीजबिल कोण भरणार? अमेरिकेत बावरी फार्मिंगसारखी पैसेवाली कंपनी २०२४ मध्ये बंद पडली.

मृद्गंध: काका, बावरी बंद इमारतीत एलईडी दिव्यांखाली पिकवायची. आपल्याकडे ऊन फुकट आहे, तुलनाच चुकीची.

सुदामानगरकर: अमेरिकेतलीच ॲपहार्वेस्ट कंपनी तर काचघरात मुख्यतः उन्हावर टोमॅटो घ्यायची, २०२३ मध्ये तिचंही दिवाळं निघालं. आता बोला.

राजेंद्रनगरची ताई: पाणी वाचतं म्हणणाऱ्यांनी आमच्या बोअरचं पाणी बघावं! टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ९००, ते काढणारा आरओ फिल्टर लावल्याशिवाय खत घालता येत नाही आणि आरओ निम्मं पाणी गटारात सोडतो. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपाने वर चढवून आणतात, ते लेट्यूसला घालायचं? आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो हो!

मृद्गंध: ताई, नळाचा विषय वेगळा.

राजेंद्रनगरची ताई: वेगळा कसा? बादल्या मी भरते.

जुना_इंदुरी: मला राग याचा येतो की "माती सोडा" हे इंदुरात बसून म्हणताय. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ पासून इथेच काडीकचरा आणि शेणाचं खत करून दाखवलं, जगात ते इंदूर पद्धत म्हणून गेलं. १९३५ ला गांधीजी ते बघायला गेले होते. आणि आपण काळी माती टाकून नारळाचा भुसा विकत आणायचा?

मृद्गंध: दादा, इतिहासाने ईएमआय भरला जात नाही. माझी पुदिना-बेसिल तीन कॅफेत रोज जाते. पावसाळ्यात चोइथराम मंडीतली पालेभाजी चिखलाने भरलेली येते तेव्हा माझाच फोन वाजतो.

सुदामानगरकर: तुमचे तीन कॅफे आहेत म्हणून चाललंय. चौथा माणूस गच्चीवर पाइप टाकेल तेव्हा भाव पडेल, माझं तेच झालं. एक मानतो, कोकोपीटच्या, म्हणजे त्याच नारळाच्या भुशाच्या, ट्रेमधली रोपं परवडतात. पाइप विकले आणि आता मिरचीची रोपंच करतो, निमाडातले शेतकरी घरी येऊन नेतात. पण ती रोपं शेवटी मातीतच लागतात ना?

मृद्गंध: रोपांचं पटलं. चिलरचं नाही. माझ्याकडे टाकी जमिनीत पुरलेली आहे, रविवारी या आणि पाण्यात हात घालून बघा.