मदत हवी आहे : शिवणवर्ग ऑनलाइन शिकवणे आणि त्याचीच जाहिरात, दोन्ही एकाच फोनवर कसे सांभाळावे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या वडगाव भागात राहते आणि गेली अकरा वर्षे घराच्या माडीवर शिवणवर्ग चालवते. कागदावरच्या कटिंगपासून सुरुवात करून साधा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट आणि शेवटी थोडे आरी वर्क (आकड्याच्या सुईने करायचे भरतकाम), असा चार महिन्यांचा क्रम असतो. आमचा भाग विणकरांचा आहे. मागांच्या आवाजातच वर्ग चालतो, आणि येळ्ळूर, धामणे, अनगोळ येथून येणाऱ्या मुली असल्यामुळे प्रत्यक्ष वर्गाची जागा सहसा रिकामी राहत नाही. अडचण सुरू झाली ती दोन वर्षांपूर्वी, खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडच्या आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातील काही जणींसाठी फोनवरून शिकवायला लागल्यापासून. आज अशा तेवीस जणी आहेत. त्यांना शिकवायला तोच फोन, नवीन प्रवेशांची जाहिरात करायला तोच फोन, आणि शिवून विकते त्या ब्लाउजांच्या ऑर्डरीही त्याच नंबरवर, अशी अवस्था असल्यामुळे दोन्ही कामे एकमेकांच्या पायात येऊ लागली आहेत.

आधी शिकवण्याविषयी लिहिते. हूकपट्टी आणि आयपट्टी कशी लावायची, याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मी फोन समोर उभा करून, पुढच्या कॅमेऱ्याने, स्वतःला पाहत पाहत तयार केला होता. आठवडाभराने जांबोटीच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, तुम्ही दाखवलंत तसंच केलं बघा, तरी हूक उलट्या बाजूला आलेत की!" तिच्या पाठोपाठ आणखी तिघींनी तेच सांगितले. माझ्या टेबलावरचा ब्लाउज बरोबर होता आणि त्यांचे सगळ्यांचे उलटे झाले होते, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

थेट वर्ग घ्यावा, तर गुगल मीटवर तीन किंवा अधिक जण असले की फुकटच्या खात्यात साठ मिनिटांनी वर्ग बंद होतो, आणि तो नेमका मुंढ्याला, म्हणजे बगलेच्या गोलाईला, बाही जोडत असताना बंद होतो. पुन्हा दुवा पाठवून सगळ्यांना आत घेईपर्यंत कणकुंबीची रेंज गेलेली असते. पावसाळ्यात तिकडे वीज आणि रेंज दोन्ही एकत्रच जातात. शिवाय रोप लावणीच्या दिवसांत या बायका संध्याकाळपर्यंत शेतात असतात, आणि घरात एकच चांगला फोन असला तर मुलांचा अभ्यास संपल्यावरच तो त्यांच्या हाती येतो. त्यामुळे ठरावीक वेळेचा वर्ग हीच कल्पना चुकते की काय, असे मला वाटू लागले आहे.

मात्र ज्या प्रसंगामुळे हा धागा काढावा लागला, तो वेगळा आहे. गेल्या दिवाळीच्या आधी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी छाती ३४ च्या कटिंगची आकृती टाकली आणि तीत मुंढा अर्धा इंच कमी लिहिला गेला. अर्ध्या तासात चूक लक्षात आली आणि मी खाली दुरुस्ती लिहिली. परंतु त्याच संध्याकाळी त्याच ग्रुपवर मी विक्रीच्या ब्लाउजांचे अठरा फोटो भावासकट टाकले होते आणि त्यावर "हा केवढ्याला", "निळा आहे का" अशी विचारणा सुरू झाली होती. त्या गर्दीत दुरुस्ती गाडली गेली. चौघींनी चुकीच्या मापाने कापड कापले, आणि कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. दोघींना मी माझ्याकडचे ब्लाउजपीस दिले, पण एकीने आईच्या साडीतले कापड काढून घेतले होते. त्यानंतर ग्रुप म्यूट करणाऱ्यांची संख्या वाढली, ती वाढणारच होती.

आता जाहिरातीविषयी. एका जाहिरात करून देणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडून पैसे घेऊन फेसबुक पेज काढून दिले आणि बरेच फॉलोअर आणून दाखवले. त्यांतील बहुतेक कुठल्या गावचे आहेत हे मला आजवर कळलेले नाही, आणि त्यांच्यापैकी एकही वर्गाला आलेली नाही. पेज त्यांच्याच खात्यातून चालत असल्यामुळे मला त्यावर साधा फोन नंबरही बदलता येत नाही. इन्स्टाग्रामवर आरी वर्कच्या एका रीलला भरपूर प्रेक्षक मिळाले, परंतु त्यांत निम्म्याहून अधिक जण उत्तर भारतातील होते, म्हणजे प्रवेशाच्या दृष्टीने शून्य. उलट धामण्याच्या एका बाईने बचत गटाच्या बैठकीत माझे नाव सांगितले, तेवढ्यावर पाच जणी आल्या.

भाषेचाही प्रश्न आहे. घरी मराठी बोलणाऱ्या अनेक मुली कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे त्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, आणि बैलहोंगलकडच्या बायकांना कन्नडच हवे असते. म्हणून मी मजकूर यंत्राकडून कन्नडमध्ये करून घेतला, तर त्याने कटोरी ब्लाउजमधली कटोरी, म्हणजे छातीवरचा गोलसर तुकडा, थेट स्वयंपाकघरातली वाटी करून टाकली. शेजारणींनी आठवडाभर मला वाटीवाल्या बाई म्हणून हाक मारली.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे. शिकवणे आणि विक्री यांची वाट वेगळी करायची, तर कमी खर्चात ती कशी करावी? व्हिडिओ कसे काढावेत, म्हणजे शिवणाची बाजू चुकणार नाही? आणि जाहिरात अशा माणसांपर्यंत कशी पोहोचवावी, जी खरोखर येऊ शकतात? मी दहावीपर्यंत शिकलेली आहे, संगणक नाही, फोन मात्र बऱ्यापैकी चालवते. त्या बेताने सांगावे, ही विनंती.

*

उसवण यांचा प्रतिसाद :

ताई, तो व्हिडिओ आत्ता पुन्हा उघडा आणि टेपवरचे आकडे वाचून पाहा. आकडे उलटे दिसत असतील तर कोडे सुटले. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे जतन होण्याची सोय चालू असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते, पण त्याहून चांगले म्हणजे मागचा कॅमेरा वापरा आणि फोन टेबलाच्या वर, आडव्या दांडीला, खाली तोंड करून बांधा. तुमच्या खांद्यावरून वाकून पाहिल्यासारखे दिसले, तर विद्यार्थिनीचा डावा-उजवा हात तुमच्या हाताशी जुळतो. समोरून काढलेल्या शिवणाच्या व्हिडिओत आरसा नसला तरी गोंधळ होतोच. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला टेप आणि एक लिहिलेला कागद चौकटीत ठेवायचा, ही सवय मी स्वतः दोन कुर्ते वाया घालवल्यावर लावून घेतली.

थेट वर्गात शिवून दाखवू नका. पट्टी लावणे, गळ्याला पायपिन करणे, बाही जोडणे असे तीन-चार मिनिटांचे तुकडे करा, ते यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवा आणि दुवे ग्रुपवर द्या. अनलिस्टेड म्हणजे शोधून सापडत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला दिसते, हे लक्षात असू द्यावे. रोप लावून रात्री नऊला घरी आलेल्या बाईला हे सोयीचे पडते. मीट फक्त शंकांसाठी आठवड्यातून एकदा घ्या, म्हणजे तासाची मर्यादा पुरते.

आणि एक नियमच करा. कटिंग आधी वर्तमानपत्रावर करायचे, मुंढ्यावर टेप ठेवून फोटो पाठवायचा, आणि तुमचे "चालेल" आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. असा नियम असता तर त्या चौघींचे कापड वाचले असते.

*

निपाणीचा मास्तर यांचा प्रतिसाद :

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. अर्धा इंच चुकण्याचा प्रकार आमच्याकडे गणिताच्या उत्तरांत नित्य होतो, म्हणून हे सांगतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, तुमचा अर्धा तास झाला होता. अशा वेळी खाली दुरुस्ती लिहिण्याआधी चुकीची आकृती "सर्वांसाठी" काढून टाकावी, कारण लोक दुरुस्ती नव्हे, आकृती शोधत मागे जातात. त्याला साधारण दोन दिवसांची मुदत असते. मग नवीन आकृती टाकून ती ग्रुपच्या माथ्यावर पिन करावी. पिन चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस राहते.

वर्गासाठी दोन ग्रुप असावेत, असे माझे मत आहे. एकात फक्त अॅडमिनला लिहिता येईल असे ठेवा आणि त्यात माप, आकृती, दुवे यांशिवाय काहीही टाकू नका. दुसऱ्यात शंका, गप्पा, फोटो सगळे चालू द्या. विक्री दोन्हींत नको. विद्यार्थिनी ही ग्राहकही असू शकते, पण शिकण्यासाठी बसलेल्या माणसाला भाव सांगायला लागलो की ती आपले मापही संशयाने वाचते. थोडे कठोर वाटेल, पण शाळेत वह्या विकणाऱ्या एका सहकाऱ्याचे काय झाले ते मी पाहिले आहे.

अवांतर : वाटीवाल्या बाई हे नाव वाईट नाही. निदान लक्षात तरी राहते.

*

शिनोळीकर यांचा प्रतिसाद :

ताई, माझे हद्दीवर छोटे दुकान आहे. जाहिरातीतले मला अनुभवाने जे कळले तेवढे लिहितो.

त्या गृहस्थांकडे पेजचा पूर्ण ताबा आधी लेखी मागा. तुमच्या खात्याला पूर्ण नियंत्रण देणे हे त्यांच्या फोनवर पाच मिनिटांचे काम आहे. टाळाटाळ झाली तर त्या फॉलोअरांच्या मोहात न पडता नवीन पेज काढा, बाहेरगावचे हजारो फॉलोअर असून नसल्यासारखेच.

पैसे देऊन जाहिरात करायची झाली तर जागा निवडताना "कर्नाटक" असे राज्य निवडू नका. नकाशावर वडगावला टाचणी टोचून तिच्याभोवती काही किलोमीटरचे वर्तुळ घ्या. वर्तुळाला हद्द कळत नाही, त्यामुळे खानापूर येते आणि चंदगडही येते. राज्य निवडले असते तर आमच्याकडच्या बायका गळाल्या असत्या, ज्या लग्नाची खरेदी आजही बेळगावातच करतात.

गुगलवर व्यवसायाची नोंद अवश्य करा. ती फुकट असते आणि ग्राहक प्रत्यक्ष भेटत असेल तरच मिळते, म्हणजे तुमच्या माडीला मिळेल. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असले तरी लोक शोधताना जुने आणि नवे दोन्ही लिहितात, म्हणून वर्णनात "बेळगाव", "बेळगावी" आणि "वडगाव" असे तिन्ही शब्द वाक्यात सहज बसवा. जुन्या विद्यार्थिनींना खरा अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका, ते गुगलच्या नियमांत बसत नाही.

कन्नड मजकूर यंत्राकडून न करता बैलहोंगलच्या एखाद्या विद्यार्थिनीकडून लिहून घ्या आणि तिला एक ब्लाउज शिवून द्या. शिवणातले शब्द दोन्ही भाषांच्या बायका जवळजवळ सारखेच वापरतात, ती चुकणार नाही.

फोटोंविषयी एक सूचना. ब्लाउज घातलेल्या मुलीचा फोटो तिच्या होकाराशिवाय स्टेटसलाही ठेवू नका, पुतळा वापरा. दहावी होऊन आलेल्या मुली अठराच्या आतल्या असतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात त्या बालकच धरल्या आहेत आणि पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गावात एका फोटोवरून काय काय होते ते आपण जाणताच.

*

धागाकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. आकडे पाहिले. टेपवरचा सात अगदी स्वच्छ उलटा दिसतो आहे आणि दोन महिने मी तो पाहूनही पाहिला नव्हता. आज यजमानांनी जुन्या मच्छरदाणीच्या दोन दांड्या टेबलाला बांधून त्यावर फोन आडवा टाकला आहे, हात स्पष्ट दिसतात. जुनी आकृती काढून टाकायची कल्पना मला सुचलीच नव्हती.

विक्रीसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस घ्यायचे ठरवले आहे, त्यात मालाची फोटोंसकट यादी लावता येते असे भाचीने सांगितले. एकच शंका उरली आहे. नवीन सिम घेऊन त्यावर विक्री सुरू करावी आणि वर्ग जुन्या नंबरवरच ठेवावा, हे बरोबर ना?

*

शिनोळीकर :

मी उलटे करीन, ताई. तुमचा जुना नंबर दारावरच्या पाटीवर, पिशव्यांवर आणि अकरा वर्षांच्या ग्राहकांच्या फोनमध्ये आहे. ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा, संदेश ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, त्यामुळे नव्या नंबरवरून पाठवलेली दिवाळीची यादी कोणालाच जाणार नाही. तेव्हा जुना नंबर बिझनेसमध्ये न्या. एक नंबर दोन्ही अॅपमध्ये एकाच वेळी चालत नाही, म्हणून आधी गप्पांची प्रत घेऊन ठेवा. वर्गाचे दोन्ही ग्रुप नव्या सिमवर काढा. तेवीस जणींना नंबर बदलल्याचे सांगायला एक संध्याकाळ पुरे, अख्ख्या वडगावला सांगायला दुसरी पाटी रंगवावी लागेल.