जुनी ऑफशोअर पॉवरबोट घेतोय, हल (बोटीचं बाहेरचं कवच) खरंच मजबूत आहे का हे ओळखायचं कसं?

टँपाचा_तात्या
नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात टँपाला असतो. एक २९ फुटी डीप-व्ही, म्हणजे खोल V आकाराच्या तळाची बोट बघून आलोय, १९९२ ची, ट्विन इंजिन, जेलकोट (वरचा चकचकीत थर) एकदम चकाचक. मालकाचं एकच पालुपद, की हा रेस हल आहे, तळाला सॉलिड ग्लास (आरपार फायबरग्लास) आहे, बंदुकीची गोळी पण जाणार नाही. पण ट्रायलला दोन फुटांच्या लाटांवर ४५ मैलांच्या स्पीडला डॅशच्या खालून करकर आवाज यायला लागला, तर हा म्हणे जुन्या बोटी बोलतातच. मला मेक्सिकोच्या गल्फमध्ये बाहेर जायचंय, सोबत बायको पोरं असणार. सर्व्हेअर (बोट तपासून देणारा) लावणारच आहे पण त्याआधी स्वतः काय बघू? आणि सॉलिड ग्लास चांगलं की कोअरवाला, म्हणजे मधे हलका फोम किंवा लाकूड भरलेला हल?

रेझिनवाला
तात्या जेलकोटवर जाऊ नका, पॉलिश मशीन फिरवलं की कुठलीही बोट चमकते. मी शारजाला फायबरच्या यार्डात आहे, आमच्याकडे बोटीची लायकी बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या पोकळीत कळते. हॅच उघडा, टॉर्च घ्या आणि जिथे गिऱ्हाईक कधी डोकं घालत नाही तिथे घाला. स्ट्रिंगर (आतल्या लांब तुळया) आणि बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) हलला जिथे मिळतात तो जोड बघा. चांगल्या कामात ग्लासचे थर पायरी पायरीने बाहेर पसरत गेलेले असतात आणि कडा रोलरने नीट दाबलेल्या असतात. जोडाच्या कडेने पांढरी रेघ दिसली तर समजा टॅबिंग (जोडावरचे ग्लासचे थर) सुटायला लागलंय, तुमच्या करकरीचं मूळ बहुतेक तिथेच सापडेल. वाळलेल्या पॉलिएस्टर रेझिनवर (ग्लास बांधून ठेवणारी राळ) नवा थर मारला की तो नुसता धरून बसतो, एकजीव होत नाही, त्यामुळे आधी ग्राइंडरने खरबडीत करावं लागतं. हे काम सगळ्यात घाणेरडं, अंगभर खाज सुटते, म्हणून घाईच्या दिवसात तेच उरकलं जातं, आणि वरून पेंट मारला की कुणाला कळतंय.
तळाला प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत जा, माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं. टक्क वाजलं तर ठीक, थप्प वाजलं तिथे खडूने खूण करा.

खलाशी_अण्णा
माझं मत, जुन्या बोटीच बऱ्या. त्या काळी फायबर नवीन होतं, किती जाडी पुरते हे कुणाला पक्कं माहीत नव्हतं म्हणून हात सैल सोडून थर मारले. बर्ट्राम ३१ बघा, १९६१ पासूनचा मॉडेल, त्यातल्या कितीतरी अजून फिरतायत. आताच्या बोटी पाण्यात आपटल्या की डबा वाजल्यासारख्या वाजतात.

जी_फोर्स
अण्णा उदाहरण छान पण ते तुमच्याच विरोधात जातं 😄 त्या बर्ट्रामची आई म्हणजे 'मॉपी', १९६० च्या मायामी-नासाउ रेसला खवळलेल्या समुद्रात पहिली आली, आणि ती चक्क लाकडी होती. कमाल डिझायनर रे हंटच्या डीप-व्ही आकाराची. तळ उभा असला की पाणी कापलं जातं, आपटणं कमी होतं, म्हणजे मुळात हलवर भारच कमी येतो.
राहिली जाडी. हाताने मारलेल्या मॅटमध्ये (सुट्या तंतूंची ग्लासची चादर) वजनाने ग्लास साधारण ३०-३५ टक्के, बाकी रेझिन, आणि नुसतं रेझिन ठिसूळ. नीट केलेल्या इन्फ्युजनमध्ये (व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेतात ते) ग्लास ६० च्या वर जातो. म्हणजे जाड तळ हा रेझिनने जाड की ग्लासने, ते विचारा. कोअरचं गणित वेगळं, पॅनलची जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट, आणि फोम किंवा बाल्सा मधे घालून तो जवळजवळ फुकटात मिळतो. पण वरची कातडी कोअरपासून सुटली की सगळं मुसळ केरात. म्हणून तीस वर्षं जुन्या, कुणी कुठे भोकं पाडलीत ते माहीत नसलेल्या बोटीत मी सॉलिड तळच घेईन, नवीन बोटीत चांगल्या यार्डाचा कोअरवाला.
आणि 'रेस हल' ऐकून खूष होऊ नका. रेसची बोट शर्यत झाली की उघडून तपासतात, दुरुस्त करतात, ती टिकावी म्हणून बांधलेलीच नसते. खरंच रेस झालेली असेल तर मी उलट पैसे कमी करून मागेन. ट्रान्समवरचा (बोटीची मागची भिंत) हल नंबर पण वाचा, शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्ष. अमेरिकेत अशा खाजगी बोटीच्या हलच्या मजबुतीला सरकारी सक्तीचा नियम नाही, एबीवायसीचे (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) स्टँडर्ड ऐच्छिक आहेत, तेव्हा कागदावर विसंबू नका.

टँपाचा_तात्या
धन्यवाद मंडळी, काल परत जाऊन आलो. डॅशच्या खालच्या बल्कहेडला हातभर लांब पांढरी रेघ आहे! तळ सगळीकडे टक्क वाजतो, फक्त ट्रान्सम खालच्या बाजूला थप्प. मालक आता म्हणतो मॉइश्चर मीटर लावायचा असेल तर आजच बोट बाहेर काढतो आणि लगेच लावा. काय करू?

रेझिनवाला
लगेच नको, पाण्यातून काढल्या काढल्या मीटर ओलंच दाखवणार, काही दिवस वाळू द्या, आणि बॉटम पेंट असेल तर तेवढ्या जागेवरचा खरवडून मग लावा. बल्कहेडचं टॅबिंग काढून परत मारता येतं, दोन माणसांचं काम. ट्रान्सममधलं प्लायवूड सडलंय का ते ड्राइव्हजवळचा (इंजिनाचा पंखा फिरवणारा, मागे बाहेर आलेला भाग) एखादा स्क्रू काढून बघा, काळी भुशी किंवा पाणी आलं तर इंजिनं उतरवून अख्खा ट्रान्सम करावा लागेल. आधी तिथल्या यार्डाचं कोटेशन घ्या आणि किमतीतून पूर्ण वजा करून मागा. स्क्रू काढू देत नसेल तर दुसरी बोट बघा, फ्लोरिडात काय तोटा आहे का.