खाशाबांच्या आधीचे पदक आणि सातवीतल्या मुलाचा बुडालेला गुण

प्रश्नपेढी :
आमच्या तालमीच्या गणेशोत्सवात शाळकरी मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा होते आणि तिचे प्रश्न काढण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. यंदा केवळ नवलाच्या माहितीची एक वेगळी फेरी ठेवली होती. तीत ‘भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले?’ या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलाने ‘नॉर्मन प्रिचर्ड’ असे उत्तर देताच मांडवात हशा पिकला, परीक्षकांनी उत्तर चूक ठरवले आणि समोरच्या संघाने खाशाबा जाधवांचे नाव घेऊन गुण मिळवला. रात्री घरी येऊन पडताळले, तर मुलाचे उत्तर बरोबर होते. कोलकात्यात जन्मलेल्या प्रिचर्डने १९०० साली पॅरिसला २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत अशा दोन प्रकारांत रौप्यपदके मिळवली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर धरते. खाशाबांचे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्यपदक हे ‘स्वतंत्र’ भारताचे पहिले वैयक्तिक पदक आहे. तो एक शब्द माझ्या चिठ्ठीवर नव्हता.
तेव्हापासून वाटते की, अशी माहिती बहुधा साफ खोटी नसते. तिच्यातला अटीचा शब्द तोंडातोंडी गळून गेलेला असतो. तो परत बसवता येत नसेल, तर ती चिठ्ठी फाडून टाकावी. आपले मत काय?

शुक्रवारपेठकर :
मला हे पटत नाही. प्रिचर्ड इंग्रज घराण्यातला होता आणि त्याची पदके ब्रिटनच्या खात्यात धरणारे अभ्यासकही आहेत, म्हणजे आपले ‘बरोबर’ उत्तरसुद्धा वादातीत नाही. खाशाबा मात्र राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, गादीवरच्या कुस्तीची सवय नसतानाही खचले नाहीत आणि चार वर्षांनी पदक घेऊनच परतले. कोल्हापूरच्या मांडवात तो प्रश्न कोणासाठी होता, हे शेंबड्या पोरालाही कळते. अशी चिठ्ठी हे मुलांना वाचनाकडे ओढणारे आमिष असते. तिच्यावर अटी चढवत गेलात, तर तिचा सातबारा उतारा होईल आणि तो कोणी हौसेने वाचत नाही.

भूगोलाच्या बाई (निवृत्त) :
शुक्रवारपेठकर, आमिष मीही वर्गात वापरले आहे, म्हणून त्याचा गळ कोठे रुततो ते सांगते. ‘शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो’ हे वाक्य मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५, म्हणून वाक्य खरेच वाटते. पण एका मुलीने विचारले, “बाई, मग तिथे वर्षभरात एकदाही सूर्य उगवत नाही का?” मला उत्तर देता आले नाही. शुक्र उलट दिशेने फिरतो, त्यामुळे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत तिथे सुमारे ११७ दिवसच जातात. आपण रोज ज्याला दिवस म्हणतो तो हाच आणि त्या हिशेबाने शुक्राच्या वर्षात जवळजवळ दोन दिवस बसतात. ‘दिवस’ म्हणजे कोणता, एवढे लिहिले असते तर वाक्य लांबले असते हे कबूल. पण खरे नवल त्या लांबलेल्या भागातच होते.

गगनबावडेकर :
प्रश्नपेढी यांच्या बाजूने घरचा दाखला देतो. ‘मध कधीच खराब होत नाही’ असे ऐकून आम्ही मधाची बरणी झाकण नीट न लावता जुलैभर फडताळात ठेवली. आमच्याकडचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. ऑगस्टमध्ये पाहतो तो वर पांढरा फेस, खाली बुडबुडे आणि वास थेट आंबलेल्या काकवीसारखा. मधात पाणी अठरा-वीस टक्क्यांच्या आत असते आणि तो आम्लधर्मी असतो, तोवर त्यात जंतूंचा निभाव लागत नाही. मात्र तो हवेतली ओल शोषतो, पाणी वाढले की यीस्ट जागे होते. ‘घट्ट झाकणात’ हे दोन शब्द कोणी सांगितले असते, तर बरणी वाचली असती.

शुक्रवारपेठकर :
बरणीबद्दल वाईट वाटले. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, या भाकडकथेची बाजू मीही घेणार नाही. काही मीटर रुंदीची भिंत पावणेचार लाख किलोमीटरवरून पाहणे म्हणजे साडेचार किलोमीटरवरून डोक्यावरचा एक केस पाहणे. ती निखालस थाप आहे.
पण प्रश्नपेढी, एक गोष्ट आपण लिहिली नाहीत. फेरीच्या आदल्या दिवशी मी चिठ्ठ्या लावत होतो, तेव्हा ‘कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक इटलीत कोणत्या शहरात आहे?’ ही चिठ्ठी आपण ‘हे व्हॉट्सअ‍ॅपचे दिसते’ म्हणून माझ्या देखत काढून टाकलीत. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी दिला गेला, तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. यातला कोणता शब्द गळला होता? आपली शंका पुराव्यावर नव्हती, गोष्ट फार नवलाची वाटली एवढ्यावरच होती. मांडवातले लोक त्या मुलाला हसले, तेही याच कारणाने.

प्रश्नपेढी :
हा घाव वर्मी बसला आणि तो मला मान्य आहे. ती चिठ्ठी मी न पडताळता फाडली. ‘फाडावी’ हे माझे वरचे वाक्य त्यामुळे मागे घेतो. पडताळून लिहावी, इतकेच म्हणतो. परंतु सातबाऱ्याची उपमा अजूनही पटत नाही. ‘स्वतंत्र’ हा एकच शब्द घातला असता तर प्रश्न खाशाबांचाच राहिला असता आणि त्यांचे मोठेपण तसूभरही घटले नसते. त्या मुलाचा गुण मी परीक्षकांकडून मागून घेतला आहे. त्यामुळे दोन्ही संघांची बरोबरी झाली असून, रविवारी आरतीनंतर एक जादा प्रश्न घ्यावा लागेल.

शुक्रवारपेठकर :
प्रश्न फ्लॉरेन्सचाच घ्या. चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, दोन तुकडे आहेत, चिकटवून आणतो.

भूगोलाच्या बाई (निवृत्त) :
त्यावर ‘राजाराम महाराज’ एवढेच लिहू नका. ताराराणींचे पती राजाराम महाराज वेगळे. नाहीतर पुन्हा एखादे मूल बरोबर उत्तर देऊन हरेल.