विषय: शिबिरातली गोष्ट – कुणाला सांगायची?

(दापोलीहून, बुधवार)
मंडळी, आपल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी शिबिरासाठी आम्ही तिघी इथे आलोय. काल सातवीतली एक मुलगी चित्रं आवरताना मागे राहिली आणि हळूच एका नातेवाईकाबद्दल बोलली. काय ते लिहीत नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही आठ दिवसांच्या पाहुण्या. गावकी बघेल." आमच्या न्यू जर्सीत नुसता संशय आला तरी प्रत्येकाला कळवावंच लागतं. इथे काय? माझ्याकडे तर ओसीआय कार्ड आहे, म्हणजे मूळची भारतीय, पण नागरिकत्व परदेशी.

(उत्तर)
वहिनी, आधी एक. इयत्ता लिहिलीत, तीही नको होती. या ईमेल लिस्टवरचे निम्मे लोक त्याच तालुक्यातले.

मी रत्नागिरीला वकिली करून इकडे अमेरिकेत आलो, म्हणून स्पष्ट लिहितो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. कलम १९ म्हणतं, 'कोणतीही व्यक्ती'. पाहुणी, ओसीआय, सगळ्या त्यात आल्या. माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक ठाण्यात द्यायची. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हे त्या बाईंनाही लागू. ठाण्याने नोंदवून घेतलं नाही तर तेही यातच अडकतात. पोरीला खोदून विचारत बसू नका, शहानिशा पोलीस करतील. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर काही येत नाही.

बाकी मारझोड, उपाशी ठेवणं पोक्सोत येत नाही. त्याला २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ७५. तिथे शिक्षा आहे, पण न्यू जर्सीसारखी सरसकट कळवण्याची सक्ती नाही. तशा वेळी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन लावा.

(दुसरं उत्तर)
सगळं बरोबर, पण गाव लहान आहे. मुलीचं पुढे लग्न व्हायचंय. गावकीने समज दिली तर काय बिघडतं?

(उत्तर)
दादा, बिघडतं. समज देऊन तो माणूस त्याच घरात राहतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात, न कळवल्याबद्दल डॉक्टरवर नोंदलेला आणि उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा पुन्हा उभा केला. डॉक्टरला सूट नाही, तिथे गावकीला कुठली? आणि लग्नाची काळजी त्या नातेवाईकाला आधी वाटायला हवी होती.

(दापोलीहून, शुक्रवार)
काल तक्रार दिली. महिला फौजदार साध्या पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या, गणवेश नव्हता. मागच्या पडवीत आईला जवळ बसवून मुलीशी बोलल्या. बाल कल्याण समितीला चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं, ते झालंय. बाईंना मी कलम वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, मग स्वतःहून जबाब द्यायला गेल्या.

शिबीर सोमवारपर्यंत चालू आहे. जलरंग संपत आलेत, रविवारी मुंबईहून येणाऱ्याने दोन डबे आणावेत.