रॅटच्या मेंदूत टोचलेल्या स्टेम सेल्सचा माग कसा काढायचा? सल्ला हवा

परळची_पेशी: नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष. स्ट्रोक झालेल्या रॅटच्या मेंदूत माणसाच्या न्यूरल स्टेम सेल्स (ज्यांपासून मेंदूच्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) टोचून पुढचे दोन महिने त्या कुठे सरकतात ते बघायचंय. गाइड म्हणतात, आयर्न ऑक्साइडने लेबल कर, एमआरआय काढ, झालं. खरंच एवढं सोपं आहे का?

खारघर_लोकल: सोपं आहे, म्हणूनच जपून. लोह भरलेल्या पेशी टी-टू-स्टार इमेजवर (एमआरआयचा लोह टिपणारा प्रकार) काळ्या ठिपक्यासारख्या झकास दिसतात. पण तो ठिपका लोहाचा, पेशीचा नव्हे. पेशी मेली की तिचं लोह मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी, गिळतात आणि ठिपका तिथेच राहतो. उलट पेशी विभागत गेली की लोह वाटलं जाऊन ठिपका फिका होतो. त्यात तुझं मॉडेल स्ट्रोकचं! जरा रक्त झिरपलं तर हिमोसिडरिन, म्हणजे त्या रक्तातलं साठलेलं लोह, तेही तसंच काळं.

परळची_पेशी: अरे देवा. पण २००६ मध्ये शांघायला माणसावरही केलं होतं ना?

खारघर_लोकल: हो, मेंदूला मार लागलेल्या रुग्णावर, फेरिडेक्स हे आयर्न ऑक्साइडचं औषध वापरून. ते आता बाजारात नाही. बरेच जण फेरुमॉक्सिटॉल घेतात. तेही आयर्न ऑक्साइडच, मुळात ॲनिमियाचं औषध. हेपरिन आणि प्रोटामिन या दोन औषधांबरोबर मिसळलं की पेशी ते नीट आत घेतात.

दादर_डिटेक्टर: जोडीला ल्युसिफरेज (काजव्यात उजेड पाडणारं एन्झाइम) घालच. त्याचं जीन पेशीच्या जीनोममध्ये बसलं की विभागणीनंतरही टिकतं, आणि उजेड पडायला एटीपी (जिवंत पेशीतलं ऊर्जेचं रसायन) व ऑक्सिजन लागतो, त्यामुळे मेलेली पेशी गप्प. फक्त कवटीतून प्रकाश विखुरतो, रॅटमध्ये माऊसपेक्षा जास्तच. नेमकी जागा त्यावरून ठरवू नकोस, तेवढं काम एमआरआयचं.

खारघर_लोकल: आणि एक गट लेबल केलेल्या पण मुद्दाम मारलेल्या पेशींचा ठेव, म्हणजे नुसत्या लोहाचा ठिपका कसा दिसतो ते कळेल. प्राणी नैतिकता समितीच्या अर्जातच लिही, नंतर वाढवायला जीव जातो. शेवटी मेंदूच्या स्लाइसवर प्रशियन ब्लू (लोह दाखवणारा रंग) आणि मानवी पेशी ओळखणारी अँटिबॉडी, दोन्ही. सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, धरलंयस ना? नाहीतर रॅटचं शरीर पेशी नाकारेल.

बोरिवली_स्लो: मधेच विचारतो. मेहुण्यांना अर्धांगवायू आहे. एक क्लिनिक म्हणतं, स्टेम सेल देऊ आणि एमआरआयवर पेशी दाखवू. पैसे भरू का?

दादर_डिटेक्टर: भरू नका. लेबल न केलेल्या पेशी साध्या एमआरआयवर वेगळ्या दिसतच नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा.

परळची_पेशी: मेलेल्या पेशींचा गट अर्जात टाकते. गाइडना ल्युसिफरेजचा खर्च कसा पटवायचा, ते सांगा आता.